मोतीचे कार्ड

कुत्र्याचे पिल्लू घरी आणणे सोपे असते, ते जगवणे मात्र सोपे नसते. नाशिकच्या त्या चौकोनी कुटुंबाला आणि त्यांच्या आजींना ही गोष्ट एक पिल्लू गमावल्यावर कळली.

दहाव्या वाढदिवसाला धाकट्या मुलीने हट्टच धरला होता. बाबांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे कुत्रीला पिल्ले झाली होती. त्यातले तांबूस रंगाचे, जेमतेम पाच आठवड्यांचे पिल्लू ते पिशवीतून घरी घेऊन आले. नाव ठेवले मोती. आजींनी आधी नाक मुरडले, पण रात्री ते आईच्या आठवणीने कुईकुई करू लागले तेव्हा आपली जुनी गोधडी त्यांनीच अंथरली.

मग लाडाला सुरुवात झाली. वाटी भरभरून गाईचे दूध, ग्लुकोजची बिस्किटे, रोज आंघोळ आणि संध्याकाळी मैदानात फेरफटका. तिथे येणाऱ्या दहा कुत्र्यांच्या वासामागे मोती धावायचा. त्याचे पोट नगाऱ्यासारखे दिसू लागले, तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले, "बाळसं धरलंय!" ते जंत होते हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

लसीचा विषय निघाला नव्हता असे नाही. पण शेजारचे काका हसून म्हणाले, "गावठी पिल्लाला कसली लस, वहिनी? आमच्या गावाकडे कुत्री अशीच वाढली." आईने ठरवले, दिवाळीची गडबड उरकली की नेऊ.

दिवाळीच्या चार दिवस आधी मोतीने दूध तोंडाला लावले नाही. दुपारी उलट्या सुरू झाल्या. आजींनी दहीभात कालवून दिला, तोही पडला. रात्री रक्त मिसळलेले, विलक्षण दुर्गंधी येणारे जुलाब होऊ लागले. सकाळी डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर जागेवर गेली नाही. अंगातले पाणी संपत आले होते.

"पार्व्हो," डॉक्टर म्हणाले. हा विषाणूचा आजार जगाला १९७८ पासून ठाऊक आहे आणि त्यावर चांगली लस आहे. विषाणू आतड्यांचे अस्तर उद्ध्वस्त करतो. उपचार म्हणजे मुख्यतः सलाईन, उलट्या थांबवणारी औषधे आणि इतर जंतूंना अटकाव करणारी इंजेक्शने. बाकीची लढाई पिल्लाने स्वतः लढायची असते. मोती तीन दिवस लढला. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

घरी आल्यावर मुलीने विचारले, "आई, आपण त्याचं लसीचं कार्ड कधी काढणार होतो?" आईजवळ उत्तर नव्हते.

डॉक्टरांनी एक बजावले होते, लगेच दुसरे पिल्लू आणू नका. हा विषाणू जमिनीत, फटींत कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. आईने पातळ केलेल्या ब्लीचने सारे घर धुतले. गोधडी जाळून टाकली, तेव्हा आजी गॅलरीतून आत गेल्या.

वर्ष उलटल्यावर दुसरे पिल्लू आले. पण या वेळी ते आठ आठवड्यांचे होते, पहिली लस टोचून झाली होती आणि आईने आधीच एक वही घातली होती. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या लसी, त्या सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. कारण कुत्रीच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला दाद देत नाही. ती नेमकी कधी ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून एका डोसावर भागत नाही. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, तेही वजन करूनच. लसी पूर्ण होईपर्यंत मैदान बंद.

तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस. या लसीचा आग्रह आजींनीच धरला. लहानपणी त्यांच्या भावाला पिसाळलेल्या कुत्र्याने चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. आता माणसांना ती दंडात आणि मोजकीच घ्यावी लागतात. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य, हे आजही बदललेले नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, हेही आईने वहीत लिहून ठेवले.

नाशिकच्या घरात द्राक्षांची पेटी येणारच. पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूणही त्याला वर्ज्य. आणि ताप वाटला म्हणून घरातली तापाची गोळी तर मुळीच द्यायची नाही, कारण कुत्र्याचे अंग माणसापेक्षा गरमच असते. मुलांच्या हातातले द्राक्ष खाली पडले की आता आजीच ओरडतात, "उचला आधी, बाळ खाईल!" रोज संध्याकाळी चष्मा लावून त्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधण्याचे कामही त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.

नव्या पिल्लाचे कार्ड कपाटात मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांशेजारी ठेवलेले असते. अलीकडेच शेजारच्या काकांनी नातवासाठी पिल्लू आणले. ते दाखवायला आले तेव्हा आईने त्याला मांडीवर घेतले, डोक्यावरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, कार्ड काढलंत ना?"

काका या वेळी हसले नाहीत. "उद्या सकाळीच नेतो. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्या," असे म्हणून त्यांनी खिशातून पेन काढले.