वर्गातला मसुदा

व्यावहारिक मराठी हा विद्यापीठात लेखन शिकवणारा विषय आहे. काही अभ्यासक्रमांत त्याला उपयोजित मराठी म्हणतात. अर्ज, कार्यालयीन पत्र, टिपणी, परिपत्रक, सभेचे इतिवृत्त, अहवाल, बातमी, जाहिरात, आकाशवाणीसाठीची संहिता, अनुवाद आणि मुद्रितशोधन हे सारे त्याच्या पोटात येते. मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात तो कविता-कादंबरीच्या प्रश्नपत्रिकांच्या बाजूला बसलेला असतो. पत्रकारिता आणि संज्ञापन विभागांत मात्र रोजचे काम तेच असते. दोन्हीकडे शिकवायची गोष्ट एकच आहे. वाचणाऱ्याला काही करायचे आहे, काही ठरवायचे आहे, आणि त्यासाठी त्याच्या हाती हा एवढाच कागद आहे.

वर्ग नवे असले तरी विद्या जुनी आहे. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंताच्या, नावावर मेस्तके सांगितली जातात. दफ्तर कसे राखावे, कोणाला कोणता मायना लिहावा, असे कारकुनी नियम त्यांत येतात. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. सगळेच जुने शब्द हटले नाहीत. आजचा विद्यार्थी जो मसुदा करतो आणि जो अहवाल लिहितो, ते दोन्ही शब्द मुळात अरबी. मसुद्याच्या मुळाशी काळे करणे आहे, कागद शाईने काळा करणे. अहवाल म्हणजे अरबीत हालचे अनेकवचन, एकेक हालहवाल मिळून झालेला. मोडी लिहिणारा कारकून हे सगळे थोरल्या कारकुनाशेजारी बसून शिके. नकला करता करता हात बसे आणि ‘विनंती उपरी’च्या पुढे काय लिहायचे हे कळू लागे. ज्याला पत्र जायचे तो सरदार, पाटील किंवा सावकार बहुधा माहितीतला असे. त्याचा मान, त्याचा स्वभाव, मागच्या पत्राला त्याने काय उत्तर दिले, हे सारे लिहिणाऱ्याला ठाऊक असे.

छापखाना आला आणि हा ओळखीचा वाचक सुटला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. कोण वाचील याचा हिशेब त्या मांडणीतच होता. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे वृत्तपत्रातले लेखन वृत्तपत्रातच शिकले गेले आणि कचेरीतले कचेरीत. विद्यापीठे उशिरा आली. पंजाब विद्यापीठाने १९४१ मध्ये लाहोरला पत्रकारितेचे वर्ग सुरू केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी रोलंड वुल्सली या अमेरिकी प्राध्यापकाने विभाग उभा केला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूमुळे लोक त्याला विद्यापीठाच्या नावाने न ओळखता ‘रानडे’ म्हणूनच ओळखतात. दुसऱ्या बाजूने, १९६० साली राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राजभाषा झाली. शब्द तयार झाले. ते शब्द घेऊन लोकांना समजेल असे वाक्य लिहिणारी माणसे तयार करण्याचे काम राहिले होते, आणि ते अजून पुरे झालेले नाही.

या कामातली पहिली अडचण विद्यापीठाच्या रचनेतच आहे. विद्यार्थी वयाच्या सहाव्या वर्षापासून ज्या वाचकासाठी लिहीत आलेला असतो, तो परीक्षक. परीक्षकाला उत्तर आधीपासून माहीत असते. त्याला काही कळवायचे नसते. आपल्याला कळले आहे एवढेच त्याला दाखवायचे असते. म्हणून विद्यार्थी प्रस्तावना लांबवतो, एकच मुद्दा तीन प्रकारे मांडतो, जड शब्द वापरतो, आणि जिथे माहिती कमी पडते तिथे वाक्य मोठे करतो. शाळेतले पत्रलेखनही याच वाचकासाठी असते. अ. ब. क. नावाचा मुलगा व्यवस्थापकांना पुस्तकांची मागणी करतो, पत्ता आणि विषय ठरलेल्या जागी येतात, गुण आराखड्याला मिळतात. पुस्तके कधी पोचली, पैसे कोणी भरले, हे कोणी विचारत नाही. या सवयीचा विद्यार्थी कचेरीत किंवा बातमीच्या टेबलावर बसतो तेव्हा समोरचा वाचक उलटा असतो. त्याला काहीच माहीत नसते आणि त्याला घाई असते.

हे वर्गात व्याख्यानाने समजत नाही, एका कागदावर बसून समजते. समजा, असा मसुदा दिला: ‘सर्व संबंधित नागरिकांस कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवार दिनांक १२ रोजी शहराच्या पूर्व भागातील पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे, तरी नागरिकांनी आवश्यक तो साठा करून सहकार्य करावे.’ सोपे करून आणा म्हटले की पहिल्या फेरीत विद्यार्थी शब्द बदलतात. ‘जलवाहिनी’चा ‘पाइप’ होतो, ‘नागरिकांस’चे ‘नागरिकांना’ होते. वाक्य तेवढेच लांब राहते. दुसऱ्या फेरीत वाक्ये तुटतात: गुरुवारी पाणी येणार नाही, शुक्रवारी उशिरा येईल, बुधवारी भरून ठेवा. वाचायला बरे वाटते, पण वर्गातल्याच कोणीतरी विचारायला हवे, पूर्व भाग म्हणजे कुठून कुठपर्यंत? गुरुवारी पहाटेचे पाणी येणार की तेही नाही? उशिरा म्हणजे नऊ की बारा? या प्रश्नांची उत्तरे मूळ कागदात नाहीत. इथे बहुतेक विद्यार्थी थांबतात आणि शिक्षकाकडे पाहतात. शिकवण्यासारखी जागा हीच आहे. मूळ वाक्य अवघड होते ते भाषेमुळे कमी आणि लिहिणाऱ्याने पेठांची यादी मागवली नव्हती म्हणून जास्त. जड भाषेने ती उणीव झाकली होती. सोप्या भाषेने ती उघडी केली. आता पाणीपुरवठा खात्यात फोन करावा लागतो, अभियंत्याला विचारावे लागते, आणि मगच तिसरा मसुदा लिहिता येतो. त्यात सगळ्यात वर वार आणि तारीख येते, मग पेठा आणि वसाहती नावानिशी, मग वेळ, आणि कारण सर्वांत शेवटी. ज्याच्या घरी एकच पिंप आहे त्याला जलवाहिनीचे कारण नंतर कळले तरी चालते.

‘कळविण्यात येते’ या क्रियापदावर स्वतंत्र तास घालवावा लागतो. इंग्रजी पुस्तकांतला नियम असा की कर्मणी प्रयोग टाळा. तो जशाचा तसा मराठी वर्गात आणला की गोंधळ होतो, कारण ‘शिपायाने दार उघडले’ हे साधे मराठी वाक्यही व्याकरणाने कर्मणीच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की मराठी तिकडेच वळते, त्यात काही दोष नाही आणि कर्ता तिथे ठळक उभा असतो. दोष आहे तो ‘दार उघडण्यात आले’मध्ये, कारण तिथून शिपाई निघून गेला. म्हणून मराठीत नियम निराळ्या शब्दांत सांगावा लागतो: कोणी केले ते लिहा. ‘निर्णय घेण्यात आला’ असे इतिवृत्तात आले की सहा महिन्यांनी तो कोणी घेतला, कोणाचा विरोध होता, हे सभेला हजर असलेल्यांनाही आठवत नाही. इतिवृत्त लिहिण्याचे सारे कसब इथे आहे. चर्चा गाळायची, निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत ठेवायची. तीन तासांची सभा दीड पानात बसते.

बातमीचेही असेच. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा ककार आणि उलटा मनोरा, म्हणजे महत्त्वाचे आधी आणि तपशील उतरत्या क्रमाने, हे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. पण ही बांधणी इंग्रजी वाक्याच्या अंगावर बेतलेली आहे. इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येते; घटना तिसऱ्या-चौथ्या शब्दाला घडून जाते. मराठीत क्रियापद शेवटी. सहाही ककार एका वाक्यात कोंबले तर चाळीस शब्द वाचून होईपर्यंत माणूस वाचला की गेला, हे कळत नाही. जुन्या उपसंपादकांनी यावर काढलेली तोड साधी आहे: इंट्रोचे, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदाचे, पहिले वाक्य दहा-बारा शब्दांचे करायचे, घटना त्यात संपवायची आणि उरलेले ककार दुसऱ्या वाक्यात द्यायचे. ही तोड पाठ्यपुस्तकात क्वचित सापडते; ती डेस्कवर लाल पेनाने दुरुस्त झालेल्या कॉपीतून शिकावी लागते. विद्यापीठात डेस्कवर काम केलेला शिक्षक हवा तो यासाठी.

आकाशवाणीची संहिता ऐकणाऱ्यासाठी असते, आणि ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे. आकडे कानाला पेलले पाहिजेत, आणि इथे मराठीकडे एक मोठी ठेव आहे: पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे. ‘दोन लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे तीस’ कानावरून निघून जाते. ‘सुमारे अडीच लाख’ राहते. एकेचाळीस आणि एकोणचाळीस यांत कानाची फसगत होते, म्हणून संहितेत आकडा अक्षरी लिहायचा आणि निवेदकाने तो आधी मोठ्याने वाचून पाहायचा. हा मोठ्याने वाचण्याचा सराव खरे तर सर्वच लेखनाला लावावा. दुसऱ्याने लिहिलेला मसुदा विद्यार्थी मोठ्याने वाचू लागला की तो जिथे अडखळतो तिथे खूण करायची. लेखकाला काही सांगावे लागत नाही, त्याचे त्यालाच दिसते.

आज मराठीत लिहून मिळणाऱ्या कामाचा फार मोठा भाग अनुवादाचा आहे. जाहिरातीची कॉपी हिंदीत किंवा इंग्रजीत ठरते आणि ती मराठीत आणायची असते. बँकेचे फॉर्म, औषधाच्या वेष्टनातली माहिती, मोबाइलवरच्या सूचना यांचेही तेच. घाईत केलेल्या अशा मजकुरातून हिंदीची वळणे मराठीत शिरतात. ‘मला मदत कर’च्या जागी ‘माझी मदत कर’ येते, ‘मी त्याला म्हणालो’च्या जागी ‘मी त्याला बोललो’ येते. दुसरे वळण काही बोलींमध्ये घरचेच आहे आणि तिथे ते चूक नाही. छापील प्रमाण मजकुरात ते बसत नाही एवढेच. हा फरक शिक्षकाने नीट समजावला पाहिजे. बोलीतून आलेल्या मुलाला त्याची भाषा अशुद्ध आहे असे सांगितले तर तो लिहिणे सोडतो, आणि ज्यांच्यासाठी नोटीस लिहायची त्यांची भाषा जाणणारा एक माणूस वर्गातून कमी होतो.

शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. चौदा नियम १९६२ मध्ये आले, चार पुढे १९७२ मध्ये जोडले गेले. अनुच्चारित अनुस्वार गेले, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ ठरला, आणि गावाच्या नावातले ‘पूर’ सर्वत्र दीर्घ झाले, म्हणून नागपूर, सोलापूर, कोल्हापूर. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमाला आणि ल, श यांची मराठी वळणे नक्की केली. अठरा नियम आठवडाभरात सांगून होतात. हाताला वळण लागायला वर्ष जाते, आणि ते मुद्रितशोधनातूनच लागते. दुसऱ्याच्या प्रुफात चुका शोधताना विद्यार्थी जेवढा नियम शिकतो तेवढा वहीतून शिकत नाही. टंकनाचा तासही याच्याशी जोडलेला असावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात, आणि युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी रफार, अर्धा र आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. ‘दुसऱ्या’मधला र दरवेळी तपासावा लागतो.

मूल्यमापन हा या विषयाचा सर्वांत कच्चा भाग आहे. तीन तासांच्या लेखी परीक्षेत ‘परिपत्रकाचे स्वरूप स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि परिपत्रक आयुष्यात न लिहिलेला विद्यार्थी त्यात पहिला येऊ शकतो. प्रात्यक्षिकाचे गुण आहेत, पण ऐंशी मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे तीन मसुदे तपासायचे तर एका लेखनप्रकाराचे दोनशे चाळीस कागद होतात आणि ते तपासणारा शिक्षक बहुतेक ठिकाणी एकटा असतो. ज्या विभागांत हे तरीही नेटाने केले जाते तिथे वीस-वीसचे गट पाडतात. पहिली दुरुस्ती विद्यार्थी एकमेकांची करतात, पेन्सिलीने. दुसरी शिक्षकाची. अंतिम प्रत जमा होते तेव्हा तिच्याखाली आधीचे सगळे मसुदे टाचलेले असतात, खाडाखोडीसकट, आणि कोणाला फोन करून काय विचारले याची एक ओळ असते. गुण त्या गठ्ठ्याला दिले जातात. सत्राच्या शेवटी विद्यार्थी हाच गठ्ठा घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत, अनुवाद संस्थेत किंवा एखाद्या पंचायत समितीत महिन्याभरासाठी जातो, आणि तिथला वरिष्ठ गुणपत्रिका बाजूला ठेवून आधी खाडाखोड बघतो.