परसातली सल

आमच्या सावरगावात शेजारीपाजारी संत्र्याचे बगिचे, आणि मी मात्र आयुष्यभर पुस्तकांत रमलेलो. त्याची किंमत बाबांनी परसात लावलेल्या दोन झाडांनी मोजली. एक संत्र्याचं, एक मोसंबीचं.

बाबा गेल्यावर परसात फरशी घातली. निघालेली माती झाडांच्या बुंध्याशी लोटली. न्हाणीचं पाणीही तिकडेच वळवलं. झाडाला पाणी मिळतं, या समाधानात मी होतो. दोन वर्षांत फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. आपल्याकडे याला 'सल' म्हणतात. मी म्हटलं, म्हातारी झाली झाडं, तोडून टाकू. आई एवढंच बोलली, "बाप होता तोवर नाही झाली म्हातारी?"

शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी आधी शेंड्याकडे नाही, बुंध्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही तं कलमाचा जोडच पुरून टाकला!" आपली संत्र्याची कलमं बहुधा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. हा जोड मातीत आणि ओलीत राहिला की बुरशी शिरते, साल कुजते, डिंक गळतो. मोसंबीची साल बुंध्याभोवती पूर्ण सडली होती. ती वाचली नाही.

संत्र्याच्या फांद्यांच्या बेचक्यात लाकडाच्या भुशाची आणि विष्ठेची जाळी लोंबत होती. ही साल खाणाऱ्या अळीची खूण. दिवसा ती खोडातल्या छिद्रात दडते आणि रात्री जाळीच्या आडोशाने साल कुरतडते. वरून फवारलेलं औषध तिला लागत नाही. जाळी खरडून आम्ही छिद्रात तार घातली, मग रॉकेलचा बोळा कोंबून तोंड चिखलाने लिंपलं.

वाळलेल्या फांद्या दोनेक सेंटिमीटर हिरव्या भागासह कापून जाळल्या. बुंध्याची माती ओढून जोड उघडा केला, न्हाणीचं पाणी दुसरीकडे काढलं. मग बोर्डो मलम. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र केले. लोखंडी विळा त्यात बुडवून पाहिला. पात्यावर तांबूस थर चढला म्हणजे चुना कमी पडला. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांतून 1885च्या सुमारास जगापुढे आलं. आता ते माझ्या परसात पोचलं होतं. कापलेल्या जागांना आणि खोडाला पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असं मी ते दरवर्षी लावतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात आणि त्याच्यासाठी सावरगाव-पांढुर्णा समोरासमोर उभे राहतात. तोडून आणलेल्या त्या झाडासाठी माणसं डोकी फोडून घेतात. परसातलं जितं झाड मात्र माझ्यामुळे मुकाट्याने मरत होतं. दोन वर्षं मी त्याच्याखालून रोज कॉलेजला जात होतो, पण एकदाही वाकून बुंधा पाहिला नाही.

संत्र्याला पुन्हा पालवी आली. पहिल्या बहराची फळं मोजकीच होती, जरा आंबटही. आईने त्यातलं एक बाबांच्या फोटोपुढे ठेवलं. मोसंबीच्या रिकाम्या जागेत मी अजून काही लावलेलं नाही. तिथली माती आधी नीट वाळू देतो आहे.