सेवाग्राम : उपस्थात्याच्या दृष्टीनें

वर्धा जिल्ह्याचें नांव निघालें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा दोनच स्थळें उभीं राहतात : सेवाग्राम आणि पवनार. शाळेंतील मुलांची सहल न्यावयाची, त्यांस बापूकुटी दाखवावयाची, धाम नदीच्या पात्रांत पाय बुडवूं द्यावयाचे आणि दिवेलागणीपूर्वीं परत फिरावयाचें, हा क्रम शिक्षक या नात्यानें आम्हीं तीस वर्षें चालविला. परंतु या जिल्ह्यांतून दुसरीही एक यात्रा नित्य चाललेली असते, आणि ती आजाऱ्यांची. हावड्याहून मुंबईस जाणारा लोहमार्ग वर्धेवरून जातो. दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या शेजारच्या सेवाग्राम स्थानकावरून, म्हणजे पूर्वींच्या वर्धा पूर्ववरून, दक्षिणेस वळतात. या दोन्ही फलाटांवर हातांत क्ष-किरणचित्रांचीं मोठीं पाकिटें घेतलेलीं, पाण्याची बाटली आणि भाकरीचें गाठोडें संभाळणारीं माणसें कोणत्याही दिवशीं दिसतात. गेल्या वर्षापासून आम्हीही त्यांतलेच एक झालों आहों, आणि त्या दृष्टीनें पाहिलेल्या सेवाग्रामाचें थोडें वर्णन येथें करावयाचें आहे.

आमचें घर आर्वीस. पूर्वीं आर्वी ते पुलगांव अशी अरुंद रुळांची लहान गाडी चालत असे. ती बंद झाल्यापासून एस. टी. हाच मुख्य आधार. गेल्या वर्षीं आमच्या सौ.च्या स्तनांत गांठ आढळली, तपासणीअंतीं ती कर्करोगाची ठरली, आणि शिरेंतून औषध, ज्यास सर्वत्र ‘केमो’ म्हणतात, तें दर तीन आठवड्यांनीं एक याप्रमाणें आठ वेळां, मध्यें शस्त्रक्रिया व शेवटीं किरणोपचार, असा बेत ठरला. चिरंजीव ज्या दूरच्या शहरीं नोकरीस आहे तेथील एका मोठ्या रुग्णालयांत उपचार चालूं झाले. त्या रुग्णालयाचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं; ज्यांनीं असा प्रवास केला आहे त्यांस आपापल्या अनुभवांतून एखादें नांव सहज सुचेल.

रोग कठीण खराच, परंतु माणसास झिजविणाऱ्या गोष्टी बहुतेक लहान असतात. शिधापत्रिकेवरील सौ.चें नांव आणि आधारपत्रावरील नांव यांत एका अक्षराचा फरक, तेवढ्यावर योजनेची मंजुरी नऊ दिवस अडली. तपासणीस दिलेला तुकडा कोणत्या प्रयोगशाळेंत गेला हें तीन खिडक्यांवर विचारलें, तर प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवी. दर खेपेस नवा तरुण डॉक्टर समोर येई आणि ‘काय त्रास आहे?’ येथपासून प्रारंभ करी. एकदां पहाटे पांचपासून रांगेंत बसल्यावर दुपारीं दोन वाजतां सांगण्यांत आलें, “आज औषध मिळणार नाहीं, पुढच्या आठवड्यांत या.” कारण विचारावें तों पुढचें नांव पुकारलें गेलें. अखेर एका परिचारिकेनें जातां जातां समजावून दिलें कीं, औषधानें रक्तांतील पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत. अशा वेळीं पुढची मात्रा दिल्यास साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतूं शकतो. म्हणून थांबणें हाच उपचार आहे. त्या बाईंचीं दोन मिनिटें खर्चीं पडलीं, आणि आमचा नऊ तासांचा संताप उतरला. विलंब माणूस सोसतो. विनाकारण वाटणारा विलंब त्यास सोसवत नाहीं.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. उपस्थात्यास तेथें प्रेक्षक मानलेलें नाहीं. तो चिकित्सेचा एक पायच आहे. त्याचे गुण चार : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. हे शब्द आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां पढविले; परंतु मोठ्या रुग्णालयाच्या ओसरीवर बसल्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला. ज्याच्या अंगीं अनुराग आहे, त्याच अनुरागामुळें ज्याचा क्रोध अनावर होऊं पाहतो, त्यानें तो क्रोध ठेवावा कोठें? खिडकीवरील कारकुनावर ओतला तर काम अडतें. घरीं नेला तर तो रोग्याच्या उशाशीं जाऊन बसतो.

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सेवाग्रामीं मिळालें. पांचव्या खेपेस प्रयाणापूर्वीं वर्धेसच रक्त तपासून घेतलें, आणि पेशी कमी असल्याचें दूरध्वनीवर कळतांच आठवडाभर थांबण्याची आज्ञा झाली. मुक्काम साडूंच्या घरीं होता. सौ. धाकट्या बहिणीजवळ विसावली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती म्हणाली, “अहो, तुमच्या तोंडाकडे पाहिलें कीं मला माझें दुखणें आठवतें. जरा सेवाग्रामास जाऊन या.” आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही निघालों.

वर्धेपासून सेवाग्राम आठ किलोमीटर. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी येथें राहावयास आले तेव्हां गांवाचें नांव शेगांव होतें. बुलढाण्याकडील प्रसिद्ध शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल चुकूं लागलें, म्हणून १९४० मध्यें तें सेवाग्राम झालें. मातीच्या भिंती, बांबूंचा आधार, वर कवेलू, अंगणांत झाडांची सांवली. आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी, सर्व कांहीं सहलींच्या दिवसांत पाहिलें तसेंच आहे. परंतु तेव्हां मुलांची मोजदाद करण्यांतच अर्धें लक्ष जाई. या खेपेस बा-कुटीच्या ओसरीवर निवांत बसतां आलें. आदिनिवासांत पाहुण्यांच्या दाटीमुळें कस्तूरबांस आडोसा मिळेना, म्हणून जमनालाल बजाज यांनीं ही कुटी बांधविली. तिच्यांत बसलें असतां कस्तूरबांच्या शेवटच्या दुखण्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

तें दुखणें येथलें नव्हे, पुण्याच्या आगाखान महालांतलें. १९४२ च्या ऑगस्टपासून गांधीजी तेथें स्थानबद्ध होते व कस्तूरबाही त्यांच्यासमवेत होत्या. १९४३ च्या अखेरीपासून त्यांचें हृदय वारंवार दगा देऊं लागलें. कैदेंतच असलेल्या डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर उपचार करीत होते. कस्तूरबांची इच्छा आयुर्वेदीय औषध घ्यावें अशी होती. परंतु प्रत्येक गोष्टीस सरकारची परवानगी, आणि परवानगीस विलंब. पंडित शिव शर्मा हे वैद्य आले, तर त्यांस रात्रीं महालांत राहण्याची मुभा नाहीं. रोग्यास रात्रीं-अपरात्रीं गरज लागेल म्हणून त्या वैद्यांनीं फाटकाबाहेर आपल्या मोटारींत रात्री काढल्या. ज्या पुरुषाच्या एका शब्दासरशीं देश हालत असे, त्यास पत्नीच्या उशाशीं एक वैद्य बसविणें शक्य होत नव्हतें.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, त्या वेळीं गांधीजींनीं काय केलें. त्यांनीं पत्रें लिहिलीं. अमुक तारखेस अमुक मागणी केली, तिचें उत्तर आलें नाहीं, त्यामुळें रोग्यास हा त्रास झाला, आतां हें व्हावें, अशीं नेमकीं आणि सभ्य पत्रें. एका पत्रांत त्यांनीं असेंही कळविलें कीं, योग्य तो उपचार करूं देतां येत नसेल तर आम्हांस येथून दुसरीकडे हलवावें. हतबल साक्षी होऊन तिचे हाल पाहत बसणें आमच्यानें होणार नाहीं. अखेर वैद्यांस राहण्याची परवानगी मिळाली. पुढें पेनिसिलीन हें तेव्हां अगदीं नवें व दुर्मिळ असलेलें औषध आणविण्यांत आलें. परंतु थोड्याथोड्या तासांनीं सुया टोंचून अंतकाळीं तिला छळूं नये असें गांधीजींनीं पुत्रास सांगितलें. त्या निर्णयाविषयीं आज मतभेद होऊं शकतील. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या दिवशीं, कस्तूरबा निवर्तल्या.

सर्वच प्रसंगीं पत्रानें प्राण वांचत नाहींत. येथेंही वांचले नाहींत. परंतु क्रोधाचें स्थान त्या पत्रांनीं ठरवून दिलें आहे. तो तारीख, मागणी आणि कारण यांच्या रूपानें कागदावर उतरावा, ज्याच्याकडे उपाय आहे त्याच्याकडे जावा, आणि रोग्याच्या खाटेजवळ त्याचा वासही येऊं नये.

आश्रमाच्या आवारांत परचुरेशास्त्री यांची कुटी आहे. संस्कृताच्या विद्यार्थ्यास तेथें थबकावेंच लागतें. हे व्युत्पन्न पंडित, गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगांतील सोबती. त्यांस महारोग झाला आणि १९३९ मध्यें ते सेवाग्रामीं आले. त्या काळीं या रोगाचें भय किती होतें हें सांगावयास नको. गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून घेतलें, आणि त्यांच्या अंगास स्वतःच्या हातांनीं तेल लावण्याचा परिपाठ ठेविला. चरकाचे ते चार गुण या कुटींत शब्दांतून कृतींत उतरले होते.

आश्रमापासून पायीं जाण्याच्या अंतरावर कस्तूरबा रुग्णालय आहे. आगाखान महालांत कस्तूरबांच्या उशाशीं असलेल्या त्याच सुशीला नय्यर यांनीं पुढें त्याची जोपासना केली, आणि १९६९ या गांधी-शताब्दीच्या वर्षीं तेथें वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीवर आम्ही घटकाभर बसलों. शेजारीं समुद्रपुराकडील एक शेतकरी पत्नीच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आमचा व्यवसाय कळतांच ते म्हणाले, “गुरुजी, उशीर काहून हाय हे सांगतलं, तं दिवसभर बसवते. न सांगता बसवलं, तं जीव खालवर होते.” आमच्या नऊ तासांचें सार या गृहस्थांनीं दोन वाक्यांत सांगितलें.

याच रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९८० नंतरच्या दशकांत आसपासच्या खेड्यांत एक योजना चालविली होती. सुगीच्या वेळीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावी, आणि त्या बदल्यांत गांवांत आरोग्यसेवक व रुग्णालयांत सवलतीचा उपचार मिळावा. ज्यानें पायलीभर ज्वारी घातली तो रुग्णालयाच्या दारीं याचक म्हणून येत नाहीं, हें त्यांतलें मर्म. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी २०१२ मध्यें राजीव गांधींच्या नांवानें सुरू होऊन २०१७ मध्यें या नांवानें चालूं लागली, तीही लोकांच्याच करांतून चालते. तिच्या खिडकीपाशीं उभें राहतांना ओशाळें होण्याचें कारण नाहीं. आणि मंजुरी अडली तर ‘कोणता कागद कमी आहे तें लिहून द्यावें’ असें म्हणण्यांत उद्धटपणाही नाहीं.

वर्धेस परतल्यावर आम्हीं एक जाड वही घातली. डाव्या पानावर तारीख, औषध, मात्रा, रक्ताचे आंकडे. उजव्या पानावर डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न, एका भेटीस तीनच. नवा डॉक्टर आला कीं वही त्यांच्यापुढें ठेवावयाची. हरवलेल्या अहवालाविषयीं रुग्णालयाच्या अधीक्षकांस तारीखवार अर्ज लिहिला, आणि पोंच घेतली. चौथ्या दिवशीं अहवाल हातीं आला. नांवांतील एका अक्षराचा घोळ सर्व कागद एकत्र तपासून आधींच दुरुस्त करून घ्यावा, हें ज्यांच्या घरीं आजार नाहीं त्यांसही आमचें सांगणें आहे. रुग्णालयाचा विहित नमुन्यांतील दाखला असल्यास कर्करोग्यास व सोबत्यास रेल्वेच्या भाड्यांत सवलत मिळते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आणि केमो चालूं असतां ताप १००·४ अंशांवर गेला, तर रांग, खिडकी, वेळ यांतील कशाचाही विचार न करितां थेट तातडीच्या विभागांत जावें. तेथें सभ्य अर्जाची वाट पाहूं नये.

आठांपैकीं सहा मात्रा पुऱ्या झाल्या आहेत. सौ.चे केस गेले, जिभेची चव गेली, परंतु वहीच्या उजव्या पानावर आतां तीही आपले प्रश्न लिहविते, आणि बहुधा तेच अधिक नेमके असतात. रोग्याचे गुण सांगतांना आपला त्रास नीट सांगतां येणें हाही एक गुण चरकानें गणला आहे.

असो. पुढील परिणाम ईश्वराधीन आहे आणि वैद्याधीनही. परंतु एक गोष्ट आपणां सर्वांच्या अधीन आहे. वाचकांपैकीं कोणाच्या शेजारीं असा रोगी असेल, तर ‘कांहीं लागलें तर सांगा’ एवढेंच म्हणून थांबूं नये. उपस्थाता संकोचानें कांहीं सांगत नाहीं. एखाद्या पहाटे त्याच्या जागीं रांगेंत जाऊन बसावें. आमच्या साडूंनीं असें दोनदां केलें, आणि त्या दोन सकाळीं आम्हांस सौ.च्या हातांत चहाचा पेला देऊन तिच्याजवळ स्वस्थ बसतां आलें. इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.