लाल माती
(द्वितीय वर्ष कला)

माथेरानला येणारा पाहुणा घरी परतताना तीन गोष्टी हमखास बरोबर नेतो. चिक्कीचा पुडा, चपलांची एखादी जोडी आणि पायजम्याच्या कडांना चिकटलेली लाल माती! पहिल्या दोन पैसे देऊन घेतलेल्या असतात, तिसरी फुकट मिळते आणि धुतली तरी जात नाही. ही माती लाल का, असे कुणी विचारले, तर आम्ही गावची पोरे शाळेत पाठ केलेले उत्तर ठोकून देत असू, "जांभा खडकात लोह असते म्हणून!" उत्तर बरोबर होते. पण त्या लोहाचा आपल्या घराशी काही संबंध आहे, हे कळायला मला एकोणिसावे वर्ष उजाडावे लागले.

गेल्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपल्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर झाले. मी स्वयंसेविका. फलक रंगवण्यात, खुर्च्या मांडण्यात पुढे, तेव्हा रक्त देण्यातही पुढे असायलाच हवे, अशी माझी समजूत. टेबलावर एका काचेच्या भांड्यात मोरचुदाचे निळेशार पाणी होते. तंत्रज्ञबाईंनी बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा एक थेंब त्या पाण्यात सोडला. माझ्या पुढच्या मुलाचा थेंब खड्यासारखा तळाला गेला होता. माझा थेंब मात्र किंचित खाली जाऊन वर आला आणि पाण्यावर ऐटीत तरंगत राहिला. मला वाटले, तरंगला म्हणजे पास! बाई हसल्या. "हलकं रक्त आहे तुझं. साडेबाराच्या खाली. आम्ही घेत नाही, तुलाच द्यावं लागेल!"

मागे रांगेत वर्गातली मुले उभी होती. त्या क्षणी मला जितकी लाज वाटली, तितकी परीक्षेत नापास झाल्यावरही वाटली नसती. रोज पहाटे अंधारात दस्तुरीपर्यंत तंगडतोड, तिथून नेरळ, नेरळहून गाडीने कर्जत आणि संध्याकाळी पुन्हा तोच डोंगर वर. अशा मुलीचे रक्त हलके? मला धाप लागायची, नाही असे नाही. पण चढावर धाप कुणाला लागत नाही? डोंगरात राहण्याची हीच एक मोठी गैरसोय आहे. इथे दुखणे लपवायला चढ नेहमी हजर असतो.

दुसऱ्या दिवशी रीतसर तपासणी केली. हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये ते १२ च्या वर असावे लागते. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. त्यांनी कागदावर दोन गोल काढून दाखवले. एक निरोगी तांबडी पेशी, दुसरी माझी. माझी लहान आणि मधोमध फिकट, ताकात पाणी जास्त झाल्यासारखी. माणसाच्या सबंध शरीरात लोह असते ते तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद-दुसऱ्या खिळ्याइतके. त्यातले बहुतेक रक्तात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेली की तिच्यातले लोह शरीर भंगारवाल्याच्या काटकसरीने गोळा करून नव्या पेशीत वापरते. म्हणून रोज एक-दोन मिलिग्रॅम नवे लोह आत गेले तरी भागते. पण बाईच्या अंगातून दर महिन्याला रक्त जाते, आणि ताटात लोह कमी असले की जमाखर्च जुळत नाही.

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?"

मी नाही म्हटले. ते खरेच होते. पण डोळ्यांपुढे आई उभी राहिली.

माझी आई माती खाते. हे वाक्य महाविद्यालयाच्या अंकात छापावे की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला आहे. पावसाची पहिली सर पडली, परसातल्या दरडीला वास सुटला की आई तिथला एक खडा मोडून आणायची, चुलीत भाजायची आणि कोनाड्यात ठेवायची. काम करता करता त्याचा तुकडा तोंडात. लहानपणी आम्हा भावंडांना त्यात काही वावगे वाटले नाही. शेजारच्या मावशी सुपारी खात, आई माती खाई. आजी ओरडायची, "जंत होतील मेले!" आई हसून पदराआड तोंड करायची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते ऐकून मी चक्रावले. मातीमुळे रक्त कमी होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळदा आधी लोह कमी होते आणि मग जिभेला मातीची ओढ लागते. आणि गंमत, नव्हे क्रूर थट्टा, अशी की जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असूनही ते गंजाच्या जातीचे असते. ते पोटात विरघळत नाही. उलट कित्येक प्रकारची माती जेवणातले लोह स्वतःला चिकटवून घेऊन बाहेर जाते. म्हणजे लोखंडाच्या डोंगरावर बसून माझी आई लोह मागत होती आणि डोंगर तिचे होते नव्हते तेवढेही घेऊन जात होता!

आई दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांचे सामान वाहते. मोटारींना गावात बंदी, त्यामुळे बॅगा माणसांच्या डोक्यावरून किंवा घोड्यावरून येतात. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाल्या, पण सामान उचलणारे हात त्याने रिकामे झाले नाहीत. वडील घोड्यामागे चालतात, आई डोक्यावर दोन बॅगा आणि हातात तिसरी घेऊन हॉटेलपर्यंत जाते. मधे एका वडाखाली ती हमखास थांबते. आम्ही समजायचो, विडी ओढणाऱ्या बायांशी गप्पा मारते.

तिला तपासायला नेणे हे तिच्या डोक्यावरच्या बॅगांपेक्षा जड काम होते. "मला काय धाड भरलीये? कामावरचा दिवस मोडंल, बाय." शेवटी 'मला एकटीला भीती वाटते' असे खोटे बोलून नेले. तिचे हिमोग्लोबिन निघाले ६.९. आठच्या खाली गेले की तो तीव्र पंडुरोग. ही बाई त्या रक्तावर बॅगा वाहत होती!

दोघींना गोळ्या सुरू झाल्या. मला शाळेतल्या निळ्या गोळ्या आठवल्या. दर सोमवारी वाटत आणि आम्ही मुली त्या खिडकीतून खाली दरीत भिरकावत असू. मळमळते, शौच काळे होते, म्हणून. आता मात्र मी शहाण्यासारखी घेतली. रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि चहा पुढे-मागे तासभर नाही. जेवणावर चहा म्हणजे खाल्लेल्या लोहावर पाणी सोडणे, हे मला तेव्हाच कळले. घरातली आजीची लोखंडी कढई अॅल्युमिनियमचे चकचकीत पातेले आल्यापासून माळ्यावर होती, ती खाली काढली. तिच्यात टाकळ्याची भाजी केली की काळपट होते. बघायला वाईट, पण तो काळपटपणाच कामाचा. महिन्याने माझे हिमोग्लोबिन ११ वर आले.

आईचे ७.१.

मी तिच्यावर चिडले. तिने गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या असतील अशी मला खात्री होती. डबा उपसला, तर गोळ्या नव्हत्या. सगळ्या घेतल्या होत्या बिचारीने. माझी चूक मला इथे कबूल केली पाहिजे. मला वाटले होते, रोग एक, गोळी एक, हिशेब संपला.

या निमित्ताने मी थोडे वाचले. ते वाचून आपण किती अडाणी, याचा अंदाज आला. आपल्या मुंबईतच १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर आल्या होत्या, कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांचा पंडुरोग अभ्यासायला. त्या बायकांच्या तांबड्या पेशी माझ्यासारख्या लहान नव्हत्या, उलट नको तितक्या मोठ्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि अखेर यीस्टपासून बनणारे मार्माइट नावाचे स्वस्त खाद्य देऊन त्या बायका बऱ्या होतात हे दाखवले. १९३१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात लोहाचा संबंध नव्हता. १९४१ साली पालकाच्या पानांतून जे फॉलिक आम्ल वेगळे काढले गेले, तेच ते द्रव्य. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोहाशेजारी ते बसलेले असते, ते परळच्या गिरणीकामगार बायकांच्या कृपेने. इतिहासाच्या तासाला गिरण्यांचा संप शिकलो, ही गोष्ट कुणी सांगितली नाही.

आणखी एक उदाहरण तर आमच्याच वर्गातले. माझ्या एका मैत्रिणीचा थेंबही त्या दिवशी तरंगला होता. पेशी लहान, मग लोहाच्या गोळ्या. पण तिच्या अंगात लोह पुरेसे होते. तिला थॅलेसेमियाचा सौम्य, आई-बापाकडून आलेला प्रकार निघाला. तो आजार नव्हेच, पण तसाच जोडीदार मिळाला तर मुलाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो. अशा मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्तातले लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते हृदयात, यकृतात साचते आणि ते काढायला वेगळे औषध लागते. आमच्याकडे लोहाचा दुष्काळ, तिथे महापूर! आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, त्याची तऱ्हा पुन्हा निराळी. फिकट चेहरा सगळ्यांचा सारखाच दिसतो, म्हणून तर घोटाळा.

आईच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितले. दार नीट लागत नव्हते, म्हणून ऐकू आले. "मावशी, पाळी किती दिवस असते?"

बराच वेळ काही उत्तर नाही. मग आई म्हणाली, "धा-बारा दिवस. कंदी पंधरा."

"किती वर्षं?"

"धाकला झाल्यावर थोड्या वर्सांनी लागलं बघा. सात वर्सं झाली असतील."

सात वर्षे. एका खोलीत आम्ही पाच माणसे झोपतो. सात वर्षे ती रात्री उठून फडकी धूत होती, अंधारात वाळत घालत होती आणि सकाळी बॅगा उचलत होती. वडाखाली ती गप्पा मारायला थांबत नव्हती. आधी एका ठिकाणी तिने अशक्तपणाची तक्रार केली होती, तिथे कुणी काही न विचारता ताकदीची बाटली हातात दिली होती. विचारले असते तरी तिने पुरुष डॉक्टरला सांगितले असते की नाही, देव जाणे. पण मी? मी तर तिची मुलगी होते. मी तिला लोह कशात असते याचे व्याख्यान दिले, चहा बंद केला, डबे उपसले. हा एक प्रश्न मला सुचला नाही. सुचला असता तरी विचारायला जीभ रेटली नसती.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी आहे, कर्करोगाची नाही. भरणारी घागर आणि तळाला भोक, म्हणून गोळ्यांचा उपयोग दिसत नव्हता. मग रक्तस्राव कमी करायचे औषध आणि सलाइनमधून शिरेवाटे लोह, एक दिवसाआड असे काही डोस. दिवाळीच्या आसपास एकदा सहज पाहिले, तर कोनाड्यातला मातीचा खडा तसाच होता. कोळ्याने त्यावर जाळे विणले होते. मी विचारले, तर आई म्हणाली, "आता कचकच लागतीया दाताखाली. कशी खाईत होते काय म्हाईत!"

जानेवारीत तिचे हिमोग्लोबिन १०.३ झाले. शस्त्रक्रिया करायची आहे, पण ती मे महिन्याचा हंगाम बुडवायला तयार नाही. यावर आमचे कडाक्याचे भांडण झाले आणि ती जिंकली. पाऊस लागला, गिऱ्हाईक आटले की जूनमध्ये तारीख घ्यायची, असे ठरले आहे. डॉक्टरीणबाईंनी ओझे उचलू नका म्हणून बजावले आहे. ते तिने निम्मे ऐकले. आता डोक्यावर एकच बॅग घेते. शनिवार-रविवारी दुसरी माझ्या डोक्यावर असते, आणि वडापाशी आम्ही दोघी थांबतो.