राजवाड्यापासून बागेपर्यंत

बालमित्रांनो, राजवाडा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमातला राजवाडा उभा राहतो. आम्ही आज तुम्हाला खराखुरा राजवाडा दाखविणार आहोत. तो आहे गुजरातमध्ये, बडोद्याला. नाव लक्ष्मीविलास पॅलेस. आपल्या यवतमाळपासून तो फार लांब आहे, पण आपले आणि त्या राजघराण्याचे जुने नाते आहे. ते कोणते, हे शेवटपर्यंत वाचाल तर कळेल.

आमच्या वस्तीतील काही पालकांनी दोन वर्षे दरमहा थोडे थोडे पैसे जमा केले. कोणी जिनिंगमध्ये कामाला, कोणी गवंडी, तर कोणी शेतमजूर. त्या पैशांतून सात मुले, दोन माता आणि आम्ही असे दहाजण उन्हाळ्याच्या सुट्टीत निघालो. एस.टी.ने बडनेरा गाठले आणि तेथून अहमदाबादकडे जाणारी गाडी धरली. भुसावळ, जळगाव, नंदुरबार, सुरत असे करीत दुसऱ्या दिवशी बडोद्यास उतरलो. डब्यात शिदोरी होती, त्यामुळे वाटखर्च कमी आला.

राजवाड्याच्या फाटकातून आत गेल्यावर बराच वेळ नुसती झाडेच लागतात. मग एकदम तो प्रचंड वाडा समोर येतो. घुमट, कमानी, छत्र्या आणि सर्वांच्या वर डोके काढून उभा असलेला उंच मनोरा. आमच्यातला सर्वात लहान मुलगा पाहतच राहिला आणि म्हणाला, "काका, एवढ्या मोठ्या घरात झाडू कोण मारत असंन?" आम्ही सारे हसलो. पण त्याच्या आईने हसू आवरले आणि म्हणाली, "बरोबर इचारते पोरगं. आपल्यासारखंच कोणीतरी मारत असंन." राजवाडा पाहण्याची हीच खरी दृष्टी आहे असे आम्हाला वाटते.

आता या वाड्याच्या काही गमती ऐका.

पहिली गंमत. हा वाडा बांधणारे महाराज सयाजीराव गायकवाड जन्माने राजपुत्र नव्हते. 1863 साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळ. 1875 साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते! बाराव्या वर्षी अक्षरे गिरविणारा हा मुलगा पुढे मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी शिकला आणि देशातील एक अतिशय विद्याप्रेमी राजा झाला. शिकायला उशीर झाला म्हणून रडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरी गंमत गणिताची. वाड्याचा पहिला नकाशा मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाने काढला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यानेच आखलेला. आपले हिशेब चुकले, वाडा कोसळणार, अशी धास्ती त्याने घेतली असे सांगतात. 1881 साली तो वारला. पुढचे काम चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने 1890 साली पूर्ण केले. वाडा अजूनही खंबीर उभा आहे. म्हणजे मँटचे गणित बरोबरच होते!

तिसरी गंमत. दरबार हॉलची जमीन रंगीबेरंगी बारीक तुकडे जोडून केलेली आहे. हे काम करण्यासाठी इटलीतील व्हेनिस शहरातून कारागीर आणले होते. खिडक्यांना रंगीत काचा आहेत. ऊन आत आले की जमिनीवर रंग सांडल्यासारखे दिसते. आतमध्ये फोटो काढू देत नाहीत, म्हणून मुलांनी ते डोळ्यांतच साठवून घेतले. राजवाड्यासाठी महाराजांनी प्रख्यात चित्रकार राजा रविवर्मा यांच्याकडून चित्रेही काढून घेतली होती.

चौथी गंमत. वाड्याच्या आवारात राजाच्या मुलांसाठी एक वेगळी शाळा बांधली होती. त्या इमारतीत आता महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. राजघराण्यातील मुलांसाठी आवारात एक छोटी आगगाडीसुद्धा होती. आगगाडीवरून आठवले, बडोदे संस्थानात 1862 साली मियागाम ते डभोई अशी अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली आणि तिचे डबे चक्क बैल ओढीत असत! आपली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला आठवते ना? तिच्या रुळांची रुंदीही अडीच फूटच. शकुंतला आता धावत नाही, पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते तिच्या गोष्टी सांगतील.

राजाच्या मुलांच्या शाळेबद्दल ऐकून सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आणि बाबासाहेबांना तर शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागे." राजवाड्यात उभी राहून तिला साताऱ्याची शाळा आठवली, याचे आम्हाला समाधान वाटले.

आता त्या नात्याकडे वळू. वाडा 1890 साली पूर्ण झाला आणि 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. म्हणजे हा वाडा बाबासाहेबांपेक्षा सुमारे एका वर्षाने मोठा. याच वाड्याच्या धन्याने त्यांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती दिली. 1913 साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्तीही दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी असा करार होता.

आम्ही पडलो कारकून, बी.कॉम. झालेले. आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. वाड्याच्या पायरीवर बसून मुलांकडून हिशेब करून घेतला. साडेअकरा गुणिले छत्तीस महिने, बरोबर 414 पौंड. या वाड्याचा खर्च सुमारे 1 लाख 80 हजार पौंड सांगितला जातो. म्हणजे एका वाड्याच्या खर्चात 434 विद्यार्थी अमेरिकेत शिकून आले असते! आता तुम्हीच ठरवा, महाराजांनी खर्च केलेल्या पैशांतला सर्वात मोलाचा पैसा कोणता? दगडांवरचा की त्या एका विद्यार्थ्यावरचा?

वाडा पाहून झाल्यावर रिक्षाने आम्ही स्टेशनजवळच्या सयाजीबागेत गेलो. जुने नाव कामाठी बाग. तेथील संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तची ममी आहे. मुलांना ते फार आवडले. पण आम्ही गेलो होतो दुसऱ्या कारणासाठी.

1917 च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब करारानुसार बडोद्यात नोकरीस आले. त्यांना स्टेशनवर उतरवून घेण्यास महाराजांनी सांगितले होते, पण कोणी आले नाही. अस्पृश्य म्हणून राहायला जागा कोणी देईना. शेवटी नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाड्याने राहिले. वरचा मजला अंधारा, अडगळीने भरलेला, वटवाघळे उडत असत, सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी ग्रंथालयात परत करायची पुस्तके गोळा करीत असतानाच लाठ्या घेतलेला जमाव वर आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. दोन मित्रांनीही आसरा दिला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोवरचे तास त्यांनी या बागेत काढले. आईवडिलांची आठवण येऊन त्यांचे डोळे भरून आले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि दरवर्षी 23 सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

आम्ही हे सांगत होतो तेव्हा मुले गप्प होती. मग तीच सातवीतली मुलगी म्हणाली, "राजाचा वाडा एवढा मोठा होता, तर एक खोली का नाही दिली?"

या प्रश्नाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. महाराज वाईट नव्हते. 1906 साली त्यांनी संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या. पण आम्ही सरकारी कचेरीत वीस वर्षे काढली आहेत. साहेबाच्या सहीने आदेश निघतो आणि खालच्या टेबलावर येऊन झोपतो, हे आम्ही रोज पाहतो. राजाची सही कागदावर होती, लोकांच्या मनात जात होती. राजा एका विद्यार्थ्याला समुद्रापार पाठवू शकला, पण आपल्याच शहरात त्याला एक खोली मिळवून देऊ शकला नाही. कारण राजाची कृपा ती कृपाच. ती हक्क नव्हे.

तो हक्क 26 जानेवारी 1950 रोजी मिळाला. ज्यांना धर्मशाळेतून काढले, तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या संविधानाच्या कलम 15 मध्ये लिहिले आहे की जातीच्या कारणावरून कोणालाही हॉटेलात, विहिरीवर, तळ्यावर मज्जाव करता येणार नाही. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. ही कलमे मुलांनी बागेतच वहीत लिहून घेतली.

काम संपले असे मात्र समजू नका. आम्ही नोकरीनिमित्त एका गावी भाड्याची खोली पाहण्यास गेलो, तेव्हा घरमालकाने भाड्याआधी आडनाव विचारले. आडनाव सांगताच खोली "कालच दिली" झाली. आम्ही नाव लपविले नाही, हाच काय तो 1917 पासूनचा फरक.

पालकांना आमची एक विनंती. शिष्यवृत्ती आज कोण्या राजाच्या मर्जीवर नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परदेशी शिकण्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पण जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला नाही म्हणून मुलांचे अर्ज राहून जातात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. दाखले आधीच काढून ठेवा.

आणि बालमित्रांनो, बडोद्याला गेलात तर राजवाडा जरूर पहा. पण परतीची गाडी धरण्यापूर्वी बागेत थोडा वेळ बसा. आमची मुले तेथून उठायलाच तयार नव्हती. गाडी चुकता चुकता राहिली.