ड्रीख : सोसण्याचे विशेषण

भाषांतराचा पेपर शिकवताना स्कॉट्स भाषेतील 'ड्रीख' या विशेषणाशी मी अनेकदा अडखळलो आहे. (शेवटचा 'ख' घर्षक, फारसीतल्यासारखा.) आजच्या कोशांत त्याचा अर्थ ओलसर, करडे, उदास हवामान असा मिळतो. मराठीत त्यासाठी शब्दांची वानवा नाही. 'कुंद' आहे, 'मळभ' आहे. परंतु शब्दाचे मूळ पाहिले की हे पर्याय अपुरे वाटू लागतात.

'ड्रीख'चे नाते प्राचीन नॉर्समधील 'द्र्यूगर' या शब्दाशी आहे. द्र्यूगर म्हणजे टिकणारा, पुरून उरणारा. जुन्या इंग्रजीत 'सोसणे' या अर्थाचे 'ड्रेओगन' हे क्रियापद याच कुळातले. त्यापासून आलेले 'ड्री' स्कॉट्सने जपले. 'ड्री युअर वीअर्ड' म्हणजे आपले प्राक्तन भोग. येथे 'वीअर्ड'चा अर्थ 'विचित्र' असा नाही, 'विधिलिखित' असा आहे.

जुन्या स्कॉट्समध्ये 'ड्रीख' म्हणजे लांबलचक, रेंगाळणारे. रस्ता ड्रीख असे, प्रवचनही ड्रीख असे. लांबले ते कंटाळवाणे झाले, आणि हवामानाचा अर्थ त्यानंतर ठळक झाला. आपल्याकडे 'लांबण' हा शब्दही नुसती लांबी सांगत नाही, ऐकणाऱ्याचा कंटाळाही सांगतो.

म्हणजे ड्रीख दिवसात आभाळाच्या रंगाइतकाच काळ महत्त्वाचा. दिवस सरत नाही आणि कोणीतरी तो सोसत असतो. 'कुंद' म्हटले की हा सोसणारा माणूस वाक्यातून निघून जातो. विदर्भातल्या 'झड' या शब्दात दिवसांची गणती आहे, पण पेरणी झालेल्या शेतकऱ्याला झड कधी हवीशीही असते.

स्कॉट्सला दीर्घकाळ बिघडलेली इंग्रजी समजले गेले. जॉन जेमिसन यांचा व्युत्पत्तिकोश 1808 साली निघाला, तरी कायद्याने अधिकृत दर्जा मिळायला 2025 साल उजाडावे लागले. 'ड्रीख'च्या जागी सरसकट 'उदास' लिहिणे म्हणजे तिला पुन्हा इंग्रजीचीच प्रादेशिक छटा मानणे होय.

वर्गात मी 'सरता न सरणारा' असा पर्याय सुचवतो. त्यात ओल नाही, करडेपणाही नाही. ते संदर्भातून येऊ शकतात. सोसणे मात्र शब्दातच असावे लागते. याहून नेमका, एकपदी पर्याय कोणास सुचला तर तो जरूर मांडावा.