हरला की घरी!

सीएल टाकली, सोमवार जोडून घेतला आणि हिंजवडीच्या क्युबिकलमधून थेट सेलू गाठलं. परभणीचं नाही हो, आमचं वर्ध्याचं सेलू! नागपूरहून बुटीबोरी, सेलडोह, केळझर करत जुन्या रस्त्याने निघालात की लागतं ते. पुण्या-मुंबईची मंडळी या भागात येतात ती बोरचे वाघ बघायला. मी जानेवारीत येतो तो कबड्डीसाठी.

कापूस घरात येऊ लागला की इकडे सामन्यांचा सीझन सुरू होतो. चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, पाणी मारून मैदानाची माती दाबतात, फक्कीने रेषा आखतात, हॅलोजन चढतात. प्रो कबड्डीची २०१४ पासून टीव्हीवर दिसणारी चकाचक मॅट विसरा. इथे माती आणि वजनकाटा! ५५ किलोच्या गटात बसायला आमचे पोट्टे सकाळपासून उपाशी असतात. काटा पार झाला, की आधी आलूबोंडा.

सामने बाद पद्धतीचे. हिशोब सोपा आहे. १६ संघ, १५ सामने, १५ संघ हरून घरी. लीगमध्ये पुढच्या आठवड्यात उट्टं काढता येतं. इथे प्रवेश फी भरायची, जीप भाड्याने करायची, आणि पहिल्याच फेरीत हरलात तर तासाभरात परत. यंदा आमच्या संघाचं दोन गावांत असंच झालं. मला फोनवर कळलं. तिसऱ्या गावी मात्र मी हजर होतो.

माझा मामेभाऊ हा संघाचा मुख्य चढाईपटू. दिवसा तो जिनिंगमध्ये रोजंदारीवर असतो. आणि कबड्डीचा सीझन तोच जिनिंगचा सीझन! खेळायचं म्हणजे रोजी बुडवायची.

हे दुखणं जुनं आहे. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-खाणींच्या गावांतले क्लब याच कारणाने रग्बी युनियनमधून फुटले. खेळापायी बुडालेली मजुरी खेळाडूला भरून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यातून रग्बी लीग जन्माला आली. १८९६-९७ च्या सीझनपासून त्यांनी बाद पद्धतीचा चॅलेंज कपही सुरू केला. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर बॅटलीने सेंट हेलेन्सला १०-३ ने हरवून पहिला कप नेला. त्यातलीच काही गावं लँकेशायरची, जिथे एकेकाळी आपल्या हिंगणघाटचा कापूस जायचा! तिथे निदान रोजीवरून भांडण तरी झालं. आमच्याकडे तो विषय कुणी काढतच नाही.

असो. तर त्या रात्री आम्ही दोन फेऱ्या जिंकलो आणि दीड वाजता सेमीफायनल सुरू झाली. शेवटचा मिनिट, २२-२२. आमच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. मामेभाऊ गेला. मागून आमचे लोक ओरडत होते, समोरून त्यांचे, "सोडू नको बे!" त्याने बोनससाठी पाय टाकला आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला. मध्यरेषा हातभर लांब राहिली. २३-२२. संपलं.

सेमीफायनल हरलेल्या दोन्ही संघांना तिसरं बक्षीस वाटून मिळालं. त्यात जीपचं भाडं निघालं, फी निघाली, सगळ्यांचे तर्री-पोहे झाले. रोजी कुणाचीच निघाली नाही.

टपरीवर तो घोट्याला बर्फ लावून बसला होता. मी म्हटलं, "फायनल पाहून जाऊ ना."

"कायची फायनल, दादा? सात वाजता पाळी हाय."

"पाय तर बघ केवढा सुजलाय! सुट्टी टाक एक दिवस."

तो हसला. सुट्टी टाकायची असते, हे त्याला माझ्याकडूनच ऐकायला मिळतं. माझी सीएल पगारी होती. मी सामना फक्त बघितला होता, आणि त्या दिवसाचे पैसे मला मिळणार होते.

साडेसहाला मी त्याला बाईकवर जिनिंगच्या गेटपाशी सोडलं. लंगडत आत जाताना त्याने वळून विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील का? तिकडं ३२ संघ हायेत."

म्हणजे पाच फेऱ्या. मी तिथूनच तिकीट काढलं.